मंद उजेडातला एक पिकोसेकंद

पीएचडीच्या सुरुवातीला मला जे काम मिळालं, त्याचं उत्तर आधीच छापलेलं होतं. जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जीवाणूंमध्ये एलएच-२ नावाचं, प्रकाश गोळा करणारं एक प्रथिन असतं. त्यात प्रकाश शोषणाऱ्या रेणूंची दोन कडी असतात. त्यातल्या एका कड्यावर पडलेल्या प्रकाशाची ऊर्जा शेजारच्या कड्यावर जायला साधारण एक पिकोसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. नव्वदच्या दशकापासून हा आकडा जगभर मोजला गेलाय. सर म्हणाले, "आपल्या सेटअपवर तो काढून दाखव. आला की मग नवीन काहीतरी बोलू."

मला वाटलं, चला, सोपं काम आहे. केमिस्ट्रीची एमएससी झालेल्या मुलीला उत्तर माहीत असलेलं गणित म्हणजे पर्वणीच.

इतका लहान वेळ लेसरने मोजतात. मुंबईत असले लेसर कुलाब्याला आहेत, पवईला आहेत, ट्रॉम्बेला आहेत. मी त्यातल्या कुठल्या इमारतीत बसते, याने पुढच्या गोष्टीत काही फरक पडत नाही. आधी त्या कड्यांविषयी सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडतं.

१९९५ साली ग्लासगोमधल्या रिचर्ड कॉगडेल आणि नील आयझॅक्स यांच्या गटाने एलएच-२ची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. चित्र इतकं सुबक होतं की आजही आमच्या क्षेत्रातल्या निम्म्या भाषणांची पहिली स्लाइड तीच असते. बॅक्टेरिओक्लोरोफिलचे, म्हणजे जीवाणूंच्या हरितद्रव्याचे २७ रेणू, दोन कड्यांत मांडलेले. एका कड्यात ९ रेणू, एकमेकांपासून साधारण २.१ नॅनोमीटरवर, ऐसपैस. दुसऱ्यात १८, जेमतेम ०.९ नॅनोमीटरवर, खांद्याला खांदा लावून. रेणू तोच, पण ऐसपैस बसलेले ८०० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात आणि दाटीत बसलेले ८५० चा. म्हणून नावं बी-८०० आणि बी-८५०. ८५० ची ऊर्जेची पातळी खालची, त्यामुळे ऊर्जा बी-८०० वरून बी-८५० वर उतरते. तिथून ती एलएच-१ नावाच्या मोठ्या कड्यावर जाते आणि शेवटी अभिक्रिया केंद्रात. तिथे इलेक्ट्रॉन सुटतो आणि जीवाणूचं पोट भरायला सुरुवात होते.

माझ्या वाट्याला यातली पहिली उडी आली होती.

जीवाणू वाढवण्यापासून सुरुवात. आमचा र्‍होडोबॅक्टर स्फेरॉइड्स तसा गुणी आहे. माध्यम दिलं, हवा काढून घेतली, उजेड दिला, तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवलं की वाढतो. उजेड मात्र त्याच्या मनासारखा हवा. त्याची मुख्य भूक आपल्या डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात, आणि हल्लीच्या पांढऱ्या एलईडीत तो भाग जवळजवळ नसतोच. तारेचा जुना पिवळा बल्ब हवा. तो आमच्या डोंबिवलीच्या दुकानांत मिळेना, म्हणून लोहार चाळीत गेले. दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, एलईडी न्या की, बिल कमी येईल." मी म्हटलं, नाही, हाच हवा, तापणाराच. त्याने जरा विचार केला. "कोंबडीच्या पिल्लांसाठी का?" मी हो म्हणून टाकलं. जीवाणूंसाठी म्हटलं असतं तर अजून पंधरा मिनिटं गेली असती.

स्क्रू झाकणाच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या, बुडबुडा राहू द्यायचा नाही. उरलासुरला ऑक्सिजन जीवाणूच संपवतात. बल्ब आणि बाटल्या यांच्यामध्ये पाण्याची काचेची टाकी ठेवायची, म्हणजे उष्णता पाणी खातं आणि हवा तो प्रकाश पलीकडे जातो. आधी फिकट गढूळपणा येतो, मग पिवळट, मग शेवाळी तपकिरी. झाकण सैल राहून हवा शिरली की रंग लालसर होतो, कारण ऑक्सिजन मिळाला की त्यांचं कॅरोटेनॉइड नावाचं रंगद्रव्य बदलतं. आमच्या खोलीत कोणीही आत आलं की आधी बाटल्यांच्या रंगाकडे बघतं, मग माणसांकडे.

इथेच एक गोष्ट कळली आणि ती शेवटपर्यंत उपयोगी पडली. बल्ब जवळ ठेवला तर जीवाणू भराभर वाढतात, पण त्यांच्यात एलएच-२ कमी असतं. बल्ब मागे सरकवला, उजेड मंद केला की तेच जीवाणू पेशीत एलएच-२ ठासून भरतात. साहजिक आहे. हे प्रथिन मंद उजेडासाठीच आहे. तळ्याच्या तळाशी, वरच्या शेवाळाने चांगला प्रकाश आधीच खाऊन टाकल्यावर जे उरतं त्यावर जगण्याची ती सोय आहे. शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो बघायला लोक जातात, त्या चिखलाच्या थराखालीही याच कुळीचा कारभार चालू असतो. त्याचे फोटो कोणी काढत नाही.

प्रथिन वेगळं काढण्याबद्दल फार लिहीत नाही. पेशी फोडायच्या, अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे प्रचंड वेगाने गरगरवणाऱ्या यंत्रात, हे प्रथिन ज्यात बसलेलं असतं ती पेशीतली पटलं खाली बसवायची, एलडीएओ नावाच्या डिटर्जंटने ती विरघळवायची, साखरेच्या उतरत्या घनतेच्या नळीत रात्रभर फिरवायची. सकाळी नळीत रंगीत पट्टे दिसतात, वरचा एलएच-२चा. तो सुईने अलगद ओढून घ्यायचा. मग कुठला रंग किती शोषला जातो ते दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ८०० आणि ८५० ची दोन शिखरं बघायची. ८०० चं शिखर बसकं दिसलं तर समजायचं की डिटर्जंट जास्त झालं. ते रेणू जरा सैल बसलेले असतात, पटकन सुटतात. सुटलेले असले तर पुढचं सगळं मोजमाप फुकट.

आता लेसर. तत्त्व साधं आहे. प्रकाशाची एक अतिलहान पल्स नमुन्यावर मारायची, तिला पंप म्हणतात. थोड्या वेळाने दुसरी, कमजोर पल्स पाठवायची, ती प्रोब. प्रोबचा किती प्रकाश शोषला गेला त्यावरून त्या क्षणी ऊर्जा कुठे होती हे कळतं. दोहोंमधलं अंतर बदलत गेलं की पूर्ण चित्र मिळतं. पिकोसेकंद मोजणारं घड्याळ लागत नाही, कारण वेळ लांबीत मोजायची सोय आहे. एका पिकोसेकंदात प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो. एका पल्सच्या वाटेत सरकता आरसा ठेवला आणि तो ०.१५ मिलिमीटर मागे नेला, तर जाऊन-येऊन एक पिकोसेकंदाचा उशीर होतो. ही डिले स्टेज. फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग. १० फेमटोसेकंदांच्या उशिरासाठी आरसा दीड मायक्रॉन हलवायचा. अहमद झेवेल यांना याच पद्धतीच्या रसायनशास्त्राबद्दल १९९९ चं नोबेल मिळालं. आमच्यासारखे, पल्सची ताकद वाढवणारे अॅम्प्लिफायर ज्या युक्तीवर चालतात, ती डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ साली काढली. तिचं नोबेल २०१८ ला आलं.

आत जाण्यापूर्वी घड्याळ, अंगठी, बांगड्या बाहेर. चकचकीत टिकलीसुद्धा. टेबलाच्या उंचीला वाकलं आणि बीम अशा कशावर पडला तर तो कुठे जाईल याचा नेम नसतो. ८०० नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम अंधुक लाल दिसतो, म्हणून जास्त घातक. अंधुक दिसतंय म्हणून माणूस गाफील राहतो.

खरी रस्सीखेच रंग आणि वेळ यांच्यात होती. मला फक्त बी-८०० उत्तेजित करायचं होतं. बी-८५० ला पंपाचा धक्का लागला तर ऊर्जा तिथे उतरून आली की आधीपासूनच होती, हे कसं ओळखणार? म्हणजे पंपाचा रंग काटेकोर हवा. पण पल्स जितकी आखूड, तितका तिचा रंग पसरट. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्यात घासाघीस चालत नाही. १०० फेमटोसेकंदांची पल्स हवी तर ८०० नॅनोमीटरपाशी निदान ९ ते १० नॅनोमीटरचा पसारा येणारच. २० फेमटोसेकंदांपर्यंत आखूड केली तर पसारा ५० च्या घरात जातो, म्हणजे थेट बी-८५० च्या अंगणात. बाहेरच्या लोकांना वाटतं, लेसर जितका वेगवान तितका चांगला. इथे तसं नाही. आम्ही मुद्दाम अरुंद फिल्टर लावून पल्स लांबवली. एका पिकोसेकंदाची घटना बघायला १०० फेमटोसेकंद पुरतात.

प्रोबसाठी सगळे रंग असलेला पांढरा प्रकाश लागतो. तो सहसा ८०० चा बीम स्फटिकात घुसवून बनवतात, पण मग नेमका ८०० च्या आसपासचा भाग खराब येतो. आमचा सगळा खेळ तिथलाच. म्हणून आधी ओपीएमध्ये, म्हणजे लेसरचा रंग बदलणाऱ्या उपकरणात, १३०० नॅनोमीटरचा बीम तयार केला आणि तो यॅगच्या स्फटिकात घुसवला. मग ७५० ते ९०० पर्यंतचा पट्टा गुळगुळीत मिळाला. ही युक्ती मला आधीच्या बॅचच्या ताईने जाता जाता सांगितली. नाहीतर मी तो खडबडीत भाग सुधारण्यात किती दिवस घालवले असते, देव जाणे.

मग मुंबईची हवा. जुलैत डीह्युमिडिफायरची बादली दिवसातून अनेकदा रिकामी करावी लागायची. एसी तर चालू हवाच, पण कंप्रेसर चालू-बंद झाला की खोलीचं तापमान अर्धा-पाऊण अंश वरखाली होतं, आरशांचे स्टँड तेवढ्यापुरते ताणतात आणि बीम जागचा हलतो. पडद्यावर सिग्नल संथपणे खालीवर व्हायचा. मी आधी नमुन्यावर संशय घेतला, मग डिटेक्टरवर. शेवटी कंप्रेसरचा आवाज ऐकत आलेखाकडे बघत बसले, तेव्हा दोघांचा ताल एकच निघाला. वर्कशॉपमधल्या काकांकडे बीमच्या वाटेवर झाकण मागायला गेले. सोबत क्युव्हेटचा, म्हणजे नमुना ठेवायच्या काचेच्या डबीचा स्टँडही हवा होता, म्हटलं, "काका, हा अजिबात हलायला नको." ते म्हणाले, "अगं, बाहेर रस्ता खणतायत, अख्खी इमारत थरथरतेय, तू स्टँडचं काय घेऊन बसलीस?" पण दोन्ही गोष्टी करून दिल्या, आणि स्टँडला खाली रबराची चकतीही लावून दिली, न सांगता. आमचं टेबल तसं दाबलेल्या हवेवर तरंगतं, त्यामुळे रस्त्याची थरथर फारशी वर पोचत नाही. तरी रात्रीचा डेटा चांगला यायचा. शेवटची लोकल गाठायची म्हणून स्कॅन अर्धवट सोडावा लागू नये, यासाठी मी बॅगेत टूथब्रश ठेवायला लागले.

सिग्नल आला तेव्हा फार सुंदर दिसला. ८०० पाशी खड्डा, म्हणजे बी-८०० उत्तेजित झालंय. आरसा थोडा मागे गेला की तो भरत जातो आणि ८६०-७० च्या बाजूला दुसरा खड्डा खोल होत जातो. त्याच्या अलीकडे, ८३० च्या आसपास उलट्या दिशेचा उंचवटा. पुस्तकातल्यासारखं. पण उतरून आलेली ऊर्जा बी-८५० वर टिकत नव्हती. सुट्या एलएच-२मध्ये ती साधारण एक नॅनोसेकंद टिकायला हवी, म्हणजे पिकोसेकंदांच्या हजारपट. माझ्या आलेखात ती काही पिकोसेकंदांतच घसरत होती.

सरांनी आलेख बघून एकच विचारलं, "पॉवर किती?"

हे या प्रयोगाचं मर्म आहे. भर उन्हात एका क्लोरोफिलवर सेकंदाला साधारण दहा फोटॉन येतात. अख्ख्या कड्याला मिळून काही शे, म्हणजे काही मिलिसेकंदांनी एक. पुढचा येईपर्यंत आधीच्याची ऊर्जा केव्हाच, एका नॅनोसेकंदात, पुढे गेलेली असते. एकाच एलएच-२वर एका वेळी दोन फोटॉन, हे तळ्यात व्यवहारात घडतच नाही. आणि आमच्या पंपाच्या १०० नॅनोजूलच्या एका पल्समध्ये ४०० अब्ज फोटॉन असतात, १०० फेमटोसेकंदांत, केसाएवढ्या ठिपक्यावर. रांगोळीतला एक ठिपका उचलायला जेसीबी लावावा तसा प्रकार. एका कड्यावर दोन उत्तेजना आल्या की त्या कड्यात फिरतात, गाठ पडते, आणि एक दुसरीला गिळून टाकते. ऊर्जा उष्णतेत जाते. आलेखात ते वेगवान घसरणीसारखं दिसतं, आणि सुरुवातीच्या चढाच्या आकारातही मिसळतं. आपल्याला वाटतं आपण जीवाणू मोजतोय. प्रत्यक्षात आपण आपला लेसर मोजत असतो.

यावर उपाय एकच. फिल्टर लावून पंप कमी करत जायचा, दर वेळी पूर्ण स्कॅन घ्यायचा, आणि आलेखाचा आकार बदलायचा थांबेपर्यंत खाली जात राहायचं. सरासरी दहा कड्यांमागे एकापेक्षा कमी उत्तेजना, इथपर्यंत. पण पंप कमी केला की सिग्नलही त्याच प्रमाणात बारीक होतो आणि गोंगाट तसाच राहतो. गोंगाट निम्मा करायचा तर चौपट वेळ सरासरी काढावी लागते, पाव करायचा तर सोळापट. सेकंदाला हजार पल्स असूनही रात्र पुरत नाही. वर नमुना एकाच जागी लेसर खाऊन खराब होऊ नये म्हणून सतत फिरवत ठेवायचा. बी-८०० ते बी-८५० ची उडी क्षणार्धाच्याही अंशात होते, आणि ती बघायला माणूस तासन्‌तास अंधारात बसलेला.

मला विचाराल तर या क्षेत्रातला पेपर वाचताना आधी पंपाची तीव्रता शोधावी. ती पुरवणीच्या शेवटच्या पानावर ढकललेली असेल तर निष्कर्ष जरा हात राखून वाचावेत.

सगळ्यात मंद पंपावरच्या आलेखात पहिल्या शंभरएक फेमटोसेकंदांत पंप आणि प्रोब एकमेकांवर आल्यामुळे एक टोकदार झटका दिसतो. तो नमुन्याचा नसतो, साधा पाणी-बफर ठेवला तरी दिसतो. तो वेगळा मोजून, पल्सची लांबी लक्षात घेऊन वक्र बसवला. ८०० चा खड्डा भरण्याचा आणि ८७० चा खोल होण्याचा वेळ जुळायला हवा, कारण एकाचं जाणं तेच दुसऱ्याचं येणं. दोन्हीकडे ०.८ पिकोसेकंदांच्या आसपास उत्तर आलं. छापलेल्या आकड्यांच्या पंगतीत बसणारं.

आकडा जुळला तरी तो इतका लहान का, हा प्रश्न मला जास्त आवडतो. दोन रेणूंमध्ये ऊर्जा कशी जाते याचं सूत्र थिओडोर फॉर्स्टर यांनी १९४० च्या दशकात दिलं. अंतराच्या सहाव्या घाताने वेग घटतो. बी-८०० पासून जवळच्या बी-८५० पर्यंत साधारण १.८ नॅनोमीटर आहेत. ते घालून सरळ हिशेब केला तर वेग प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. कारण समोर एक रेणू नसतोच. दाटीत बसलेले १८ जण उत्तेजना वाटून घेतात, आणि त्या वाटणीमुळे ऊर्जा शिरायला जास्त दारं उघडी होतात. हे लक्षात घेऊन सूत्र सुधारलं की हिशेब जुळतो.

या वाटणीवरूनच मधे बराच गाजावाजा झाला. २००७ साली हिरव्या गंधक जीवाणूंच्या एफएमओ प्रथिनात, उणे १९६ अंशांवर, सिग्नलमध्ये लाटा दिसल्या आणि जीवाणू क्वांटम युक्तीने वाट शोधतात असं बोललं जाऊ लागलं. पुढच्या दशकभरात मोजमाप सुधारलं. २०१७ नंतर बहुतेकांनी मान्य केलं की त्या लांब टिकणाऱ्या लाटा मुख्यतः अणूंच्या कंपनांच्या होत्या आणि इलेक्ट्रॉनिक भाग फार लवकर विझतो. आमच्या मामाने फॅमिली ग्रुपवर "जिवाणूंमध्ये क्वांटम कॉम्प्युटर" असा फॉरवर्ड टाकला तो त्यानंतरचा. मी खुलासा लिहिला. त्याने खाली हात जोडलेला इमोजी टाकला आणि तोच फॉरवर्ड दुसऱ्या ग्रुपवर पाठवला.

मला त्यापेक्षा २०२३ चा बर्कलीचा प्रयोग मोठा वाटतो. ग्रॅहम फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी आमच्याच र्‍होडोबॅक्टरच्या एलएच-२वर एकेक फोटॉन सोडला आणि बाहेर पडणारा एकेक फोटॉन मोजला. शोषण ८०० ला, उत्सर्जन ८५० च्या पलीकडे. म्हणजे तळ्यात जे होतं ते तसंच, एका फोटॉनवर. तिथे गिळागिळीचा प्रश्नच नाही. आमच्याकडे तशी यंत्रणा नाही, आम्हाला फिल्टरांवर भागवावं लागतं.

सरांनी ०.८ बघितलं आणि म्हणाले, "बरं. आता अख्खं पटल घे." पटलात एलएच-२ एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे उत्तेजना एका कड्यावरून दुसऱ्यावर जातात आणि गाठ पडायची शक्यता वाढते. म्हणजे पंप आणखी खाली. एलएच-२पासून एलएच-१पर्यंत ३ ते ५ पिकोसेकंद, आणि तिथून अभिक्रिया केंद्रात जायला ४० च्या आसपास. हा शेवटचा टप्पा सगळ्यात मंद, कारण एलएच-१चं कडं केंद्रापासून चांगलं लांब असतं. तो बघायला आरसा बराच मागे न्यावा लागतो, पूर्ण नॅनोसेकंदासाठी १५ सेंटिमीटर. एवढ्या प्रवासात बीम नमुन्यावरच्या ठिपक्यातून जराही सरकता कामा नये. सध्या स्टेजच्या दोन टोकांना कॅमेरा लावून तेच जुळवणं चालू आहे, आणि लोहार चाळीतून बल्बांचा नवा खोका आणलाय.